नाही म्हणायची रीत

एररचं काम गळ्यात पडलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. नव्या माणसाला हेच काम देतात, कारण जुन्यांना त्याचा कंटाळा असतो; पण सेवेची खरी ओळख याच कामातून होते. सगळं सुरळीत चाललेलं असताना एपीआयकडे बघतं कोण? समोरचा मोबाइल अ‍ॅपवाला रात्री अकराला अडतो, तेव्हा तुमच्या टीमपैकी त्याच्याशी बोलायला जागं असतं ते फक्त तुमचं एरर रिस्पॉन्स. ते काय बोलेल हे आता तू ठरवणार आहेस. पायथनमध्ये तुझ्या मामाची बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा तुमच्या त्या फास्टएपीआयच्या ऑर्डर सेवेपुरत्या चार गोष्टी ऐकून ठेव.

काहीही बदलायच्या आधी आहे ते बघ. सेवा तुझ्या मशीनवर चालू कर आणि तिला मुद्दाम डिवच. नसलेली ऑर्डर माग. मग एक रकाना गाळून नवी ऑर्डर पाठव. मग एखाद्या फंक्शनमध्ये शून्याने भागाकार टाकून ते चालव. पहिल्या खेपेला ४०४ येईल, जेसनमध्ये ‘डिटेल’ आणि त्यापुढे एक वाक्य. दुसऱ्या खेपेला ४२२, तेच ‘डिटेल’, पण आता त्यात वाक्य नाही, यादी आहे. तिसऱ्या खेपेला जेसनच नाही. ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ हे तीन शब्द, साध्या मजकुरात. फास्टएपीआय मूळचं असंच आहे, त्यात तुमच्या आधीच्या लोकांचा दोष नाही. पण समोरचा जावास्क्रिप्टवाला ‘डिटेल’मध्ये वाक्यच असणार असं धरून चालतो, आणि ग्राहकाच्या पडद्यावर चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ उमटतं. असली अ‍ॅपं तू पाहिली असशीलच.

म्हणून साचा एक ठेव. आणि तो स्वतःच्या डोक्यातून काढायला जाऊ नकोस. तो तयार आहे. आरएफसी ७८०७ या नावाने तो २०१६ मध्ये आला आणि जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. रकाने पाचच. ‘टाइप’ म्हणजे या जातीच्या अडचणीचा कायमचा पत्ता, ‘टायटल’ म्हणजे तिचं छोटं नाव, ‘स्टेटस’ म्हणजे तोच एचटीटीपी आकडा, ‘डिटेल’ म्हणजे या खेपेला नेमकं काय झालं, आणि ‘इन्स्टन्स’ म्हणजे या एका घटनेची ओळख. यापलीकडे आपले रकाने जोडायला पूर्ण मुभा आहे, त्यामुळे रकान्यांच्या चुकांची यादी वेगळ्या नावाने त्यातच बसते. कंटेंट टाइप तेवढा ‘अ‍ॅप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन’ असा लाव, म्हणजे समोरच्याला मजकूर उघडण्याआधीच कळतं की हे नकाराचं उत्तर आहे.

यात जीव आहे तो ‘टाइप’मध्ये, आणि नेमका तोच रकाना लोक रिकामा सोडतात. ‘साठा संपला’, ‘कूपन वापरून झालं’, ‘पिनकोडवर पोचवत नाही’ या प्रत्येकाला एक कायमची ओळख दे आणि ती पुन्हा कधी बदलू नकोस. वाक्य माणसासाठी असतं, ते उद्या सुधारलं जाईल. ओळख यंत्रासाठी असते. समोरच्याने तुझ्या ‘डिटेल’मधला मजकूर तपासून कोड लिहिला, तर दोष त्याचा नाही, तू त्याला दुसरं काही दिलंच नाहीस. २०२३ मध्ये रकाने तपासणाऱ्या पायडँटिक लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा हेच झालं. ‘फील्ड रिक्वायर्ड’ या संदेशाचं पहिलं अक्षर लहान होतं ते मोठं झालं, आणि ‘व्हॅल्यू एरर डॉट मिसिंग’ हा प्रकार नुसता ‘मिसिंग’ झाला. सर्व्हरवर कोणी एक ओळही बदलली नव्हती, फक्त लायब्ररी वर नेली होती. तरी त्या शब्दांवर विसंबलेले फॉर्म मुके झाले. दुसऱ्याच्या लायब्ररीची बोली आपल्या ग्राहकापर्यंत जाऊ द्यायची नाही, ती दारातच आपल्या बोलीत आणायची.

स्टेटस २०० आणि आत ‘सक्सेस: फॉल्स’ असली सेवा कुठे दिसली, तर कितीही जुनी असो, नव्या मार्गांवर ती रीत उचलू नकोस. अशा ठिकाणी देखरेखीचा पडदा दिवसभर हिरवागार असतो आणि फोन मात्र वाजत असतात.

आता हँडलर. फास्टएपीआयमध्ये अमुक जातीचं एक्सेप्शन आलं की अमुक फंक्शन चालव, अशी नोंद करता येते. तू त्याचं डॉक्युमेंटेशन वाचलंच असशील. त्यात एक मेख आहे. एचटीटीपी एक्सेप्शन दोन आहेत: एक फास्टएपीआयचं, एक त्याच्या खाली असलेल्या स्टारलेटचं, आणि पहिलं दुसऱ्याचं अपत्य आहे. तू हँडलर फास्टएपीआयच्या एक्सेप्शनवर लावलास, तर तुझ्या कोडमधून फेकलेले एरर नव्या साच्यात येतील, पण नसलेल्या पत्त्यावरचा ४०४ आणि चुकीच्या पद्धतीचा ४०५ जुन्याच वेषात जातील; कारण ते स्टारलेटचा राउटर फेकतो. हँडलर स्टारलेटच्या एक्सेप्शनवर लाव, दोन्ही सापडतील.

दुसरी मेख हेडरची, आणि ती जास्त वाईट, कारण दिसत नाही. एक्सेप्शनबरोबर हेडरही येतात. ४०५ बरोबर ‘अलाउ’ येतं, म्हणजे इथे कोणत्या पद्धती चालतात त्याची यादी. ४०१ बरोबर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ऑथेंटिकेट’ असायलाच हवं, असं एचटीटीपीचं मानक सांगतं. ४२९ बरोबर ‘रिट्राय आफ्टर’ द्यावं, म्हणजे समोरचा दर सेकंदाला धडका मारत बसत नाही. नवा हँडलर लिहिणारा मजकूर देखणा करतो, स्टेटस लावतो आणि एक्सेप्शनमधले हेडर पुढे द्यायला विसरतो. पडद्यावर सगळं छान दिसतं आणि समोरच्या लायब्ररीचं पुन्हा लॉगिन करणं बंद पडतं. एवढी एक ओळ तुझ्या हँडलरमध्ये आहे का, ते आधी बघ.

जास्त वेळ घाल तो ४२२ वर. पायडँटिकची एक गोष्ट मला मनापासून आवडते: तो पहिल्या चुकीवर थांबत नाही, सगळ्या चुका गोळा करून एकदम सांगतो. नाहीतर कचेरीतल्या खिडकीसारखं होतं; आज म्हणे फोटो नाही, उद्या म्हणे सही नाही, परवा म्हणे झेरॉक्स दोन हव्यात. तेव्हा यादी मोडून त्यातली पहिलीच चूक दाखवायचा ‘सोपेपणा’ करू नकोस. यादी ठेव, फक्त तिचं रूप बदल. प्रत्येक चुकीचा ठावठिकाणा तुकड्यातुकड्याने येतो: आधी ‘बॉडी’, मग ‘अ‍ॅड्रेस’, मग ‘पिनकोड’. फॉर्मवाल्याला ‘बॉडी’शी काही देणंघेणं नाही, त्याला ‘अ‍ॅड्रेस डॉट पिनकोड’ असं सरळ दे. यादीतल्या तिसऱ्या वस्तूची चूक असेल तर मधला आकडा मात्र गाळू नकोस, आणि तो शून्यापासून मोजलेला असतो हे लिहून ठेव.

आता कान इकडे कर. त्या यादीत प्रत्येक चुकीबरोबर ‘इनपुट’ नावाचा रकाना असतो. समोरच्याने जे पाठवलं, ते जसंच्या तसं त्यात परत जातं. पिनकोड असेल तर बिघडलं कुठे? पण पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा लहान आहे म्हणून नाकारलास, तर तो पासवर्डच उत्तरात छापून जातो. याहून वाईट प्रकार रकाना गाळल्यावर होतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबर द्यायचा राहिला, तर ‘मोबाइल हवा’ या चुकीच्या ‘इनपुट’मध्ये काय येतं? मोबाइल तर नाहीच, म्हणून तो रकाना ज्यात असायला हवा होता ते सगळं ऑब्जेक्ट येतं. नाव, ईमेल, पासवर्ड, सगळं. पासवर्डमध्ये काहीही चूक नसताना! तू म्हणशील, ज्याने पाठवलं त्यालाच परत गेलं. अगं, पण ते उत्तर वाटेत कोणी कोणी लिहून ठेवतं: तुमचा लॉग, गेटवेचा लॉग, अ‍ॅपमधलं क्रॅश नोंदवणारं साधन. तिथून ते पुसणार कोण? तेव्हा यादीतून ‘इनपुट’ काढून टाक. नुसतं गाळ असं नाही, हवे तेवढेच रकाने उचलून नवी यादी बनव. म्हणजे पुढच्या आवृत्तीत त्यांनी आणखी काही जोडलं तरी ते आपोआप बाहेर जाणार नाही.

त्याच यादीत ‘कॉन्टेक्स्ट’चा एक रकाना कधीकधी असतो. तुम्ही स्वतःचा व्हॅलिडेटर लिहून त्यातून व्हॅल्यू एरर फेकला असेल, तर त्या रकान्यात मजकूर नसतो, जिवंत एक्सेप्शन ऑब्जेक्ट असतं. ती यादी तशीच जेसन रिस्पॉन्समध्ये टाकलीस की जेसनला ते लिहिता येत नाही, हँडलर स्वतःच कोसळतो, आणि ग्राहकाच्या साध्या चुकीचं ५०० होतं. साध्या चाचणीत हे सापडत नाही, कारण पायडँटिकच्या अंगच्या तपासण्यांत तो रकाना असला तरी त्यात साधे आकडे आणि मजकूर असतात. आपल्याला हवे तेवढेच रकाने उचलायची वर सांगितलेली सवय इथेही वाचवते.

आणि हँडलर रिक्वेस्ट व्हॅलिडेशन एररवरच लाव, पायडँटिकच्या साध्या व्हॅलिडेशन एररवर नाही. दुसरा प्रकार तुमच्याच कोडच्या पोटात उगवतो, म्हणजे डेटाबेसमधून आलेली ओळ तुमच्या मॉडेलमध्ये बसली नाही वगैरे. त्यात ग्राहकाचा काय दोष? तिथे ५०० च बरोबर.

पिनकोडवरून आठवलं. पिनकोड मजकूर म्हणून घेऊन ‘सहा आकडे’ अशी पॅटर्न लावायची आपली पद्धत असते, बॅकस्लॅश डी वापरून. पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅटर्न रस्टच्या इंजिनावर चालते, आणि तिथे बॅकस्लॅश डी म्हणजे युनिकोडमधला कोणताही आकडा. मराठी कीबोर्डवरून कोणी ४११००४ असं देवनागरीत टाकलं तर ते बिनबोभाट आत जातं, आणि कुरियरवाल्याच्या सिस्टिमने नाकारल्यावर कळतं. पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ स्पष्ट लिही. माझं मत विचारशील तर नाकारण्यापेक्षा आतल्या आत इंग्रजी आकड्यांत बदलून घे. आपल्याच माणसाला आपल्याच आकड्यांबद्दल एरर दाखवायला मला तरी जिवावर येतं.

धंद्याच्या नियमांचे एरर कुठून फेकायचे, हाही तुमच्या कोडमधला घोळ असणार. साठा तपासणाऱ्या फंक्शनमध्ये खोलवर कुठेतरी एचटीटीपी एक्सेप्शन ४०९ फेकलेलं असतं. तेच फंक्शन रात्रीच्या क्रॉन जॉबमधून चालतं तेव्हा त्या ४०९ ला काही अर्थ नसतो. आतल्या कोडने आपल्या भाषेत बोलावं: ‘साठा संपला’ नावाचं स्वतःचं एक्सेप्शन, त्यात वस्तूचा क्रमांक आणि शिल्लक. त्याचा आकडा कोणता, मजकूर कोणता, ते दारावरचा हँडलर ठरवेल. या सगळ्या एक्सेप्शनना एक सामाईक पूर्वज दे, म्हणजे एकाच हँडलरमध्ये भागतं.

डेटाबेसच्या एक्सेप्शनचा मजकूर कधीही ‘डिटेल’मध्ये टाकू नकोस. एसक्यूएलअल्केमीचं एक्सेप्शन मजकुरात बदललंस की त्यात अख्खी क्वेरी आणि तिच्यात भरलेल्या किमती येतात. टेबलांची नावं आणि ग्राहकाचा ईमेल एकाच दमात बाहेर. आणि ‘इंटिग्रिटी एरर’ आलं की ४०९ असंही सरसकट करू नकोस. पोस्टग्रेस आत आकडा देतो: २३५०५ म्हणजे तीच किंमत आधीच आहे, याला ४०९ शोभतो. २३५०२ म्हणजे रिकामं चालत नाही तिथे काही भरलंच नाही. ते तुमच्या तपासणीतून निसटलं, म्हणजे तुमचाच बग.

आता ५००, जिथे बहुतेक जण फसतात. सगळ्या उरलेल्या एक्सेप्शनवर हँडलर लावता येतो आणि तो चालतोही. पण स्टारलेटमध्ये तो हँडलर सगळ्यात बाहेरच्या थरात बसतो, तुमच्या सगळ्या मिडलवेअरच्या बाहेर, कॉर्सच्याही बाहेर. म्हणजे त्या उत्तरावर कॉर्सचे हेडर लागतच नाहीत. वेबवाला फोन करतो: ‘तुमचं कॉर्स बिघडलंय.’ तुम्ही दुपारभर ओरिजिनच्या याद्या तपासत बसता. खरं तर सर्व्हर कोसळलेला असतो आणि ब्राउझर त्याला ते उत्तर वाचूच देत नाही. कधीकधीच, एखाद्याच मार्गावर कॉर्स बिघडतं असं कोणी म्हणालं, की आधी लॉगमध्ये ५०० शोध.

उपाय साधा आहे. सगळी उरलेली एक्सेप्शन पकडणारं छोटं मिडलवेअर लिही आणि ते कॉर्सच्या आतल्या बाजूला बसव. फास्टएपीआयमध्ये शेवटी जोडलेलं मिडलवेअर सगळ्यात बाहेर जातं, तेव्हा हे आधी जोड आणि कॉर्स नंतर. मात्र आता एक्सेप्शन तू गिळलंस, सर्व्हरपर्यंत ते पोचणार नाही. म्हणून अख्ख्या ट्रेसबॅकसकट लॉग करायची जबाबदारी तुझी. ग्राहकाला काय द्यायचं? ‘आमच्याकडे बिघाड झाला आहे’ एवढंच, आणि त्या रिक्वेस्टचा क्रमांक. तोच क्रमांक लॉगच्या प्रत्येक ओळीत. ग्राहकाने फोनवर तो वाचून दाखवला की तुला मिनिटात ट्रेसबॅक सापडला पाहिजे. फोनवर वाचायचा आहे हे लक्षात ठेवून तो आटोपशीर ठेव. छत्तीस अक्षरी यूयूआयडी वाचून दाखवायला लावणं म्हणजे छळ आहे.

एक मर्यादाही ओळखून राहा. मोठी फाइल स्ट्रीम करताना पहिला तुकडा निघून गेला की २०० कधीच गेलेला असतो, मग कोणताही हँडलर तो आकडा मागे घेऊ शकत नाही. अशा ठिकाणी जे तपासायचं ते पहिल्या तुकड्याआधी.

४०१ आणि ४०३ मध्ये गोंधळू नकोस: तू कोण ते कळलं नाही तर ४०१, कळलं पण परवानगी नाही तर ४०३. आणि दुसऱ्याची ऑर्डर मागितली तर ४०३ सुद्धा देऊ नकोस, ४०४ दे. ती आहे हेही सांगायचं कारण नाही. गिटहब खाजगी रिपॉझिटरीच्या बाबतीत असंच करतं. लॉगिनमध्ये ईमेल चुकला की पासवर्ड, दोन्हींना शब्दन् शब्द तेच उत्तर.

मजकूर मराठीत द्यायचा का, असं तुमच्या प्रॉडक्टवाल्यांनी विचारलंय म्हणतेस. शक्यतो सर्व्हरने ओळख द्यावी आणि वाक्य अ‍ॅपने दाखवावं. भाषांतर सुधारायला सर्व्हर पुन्हा चढवावा लागू नये. सर्व्हरवरूनच द्यायचं ठरलं तर ‘टायटल’ आणि ‘डिटेल’ ग्राहकाच्या भाषेत दे, ‘टाइप’ला हात लावू नकोस. मजकुरात देवनागरी बिनधास्त टाक, फास्टएपीआयचा जेसन रिस्पॉन्स ती यूटीएफ-८ मध्ये सरळ पाठवतो. पण हेडरमध्ये नको! हेडर लॅटिन-१ मध्ये बदलले जातात. तिथे एक ‘नाही’ लिहिलंस तरी एन्कोडिंगचं एक्सेप्शन येतं. आणि मराठी लिहायचीच तर माणसासारखी लिही. ‘अवैध प्रविष्टी’ कोणाला कळते? ‘पिनकोड सहा आकडी हवा’ असं लिही.

साचा बदललास की डॉक्युमेंटेशन आपोआप बदलेल असं समजू नकोस. ओपनएपीआयच्या पानावर फास्टएपीआय ४२२ चा मूळचाच साचा छापत राहतं, तुझा हँडलर काहीही पाठवो. त्यावरून कोणी क्लायंट कोड आपोआप बनवत असेल तर तो चुकीचाच बनेल. राउटरवर ४२२ साठी आपलं मॉडेल नोंदव, एकदाच, वरच्या पातळीवर.

मग चाचण्या लिही, आणि त्या लिहिताना एक बघ: टेस्टक्लायंट मुळात सर्व्हरचं एक्सेप्शन उत्तरात न बदलता तुझ्याच अंगावर फेकतो. तू ते मिडलवेअरमध्ये पकडलं असशील तर फरक पडणार नाही, पण हँडलरवर ठेवलं असशील तर ‘रेज सर्व्हर एक्सेप्शन्स’ फॉल्स केल्याशिवाय ५०० चा मजकूर तपासताच येणार नाही. नसलेला पत्ता, चुकीची पद्धत आणि त्यातलं ‘अलाउ’ हेडर, टोकनशिवाय मागणी, आपल्या व्हॅलिडेटरने नाकारलेली किंमत, मुद्दाम पाडलेलं फंक्शन आणि त्यावर कॉर्सचे हेडर: या प्रत्येकाची एकेक चाचणी. आणि आणखी एक. पासवर्डमध्ये सहज ओळखू येईल असा शब्द घालून, मोबाइल नंबर गाळून, अर्धवट नोंदणी पाठव, आणि तो शब्द उत्तरात किंवा लॉगमध्ये कुठेही सापडत नाही हे तपास. ही चाचणी काही बदलायच्या आधी आजच चालवून बघ. लाल आली तर तिकिटाची प्रायॉरिटी वाढवायला मॅनेजरकडे दाखवायला तीच पुरे.